कूलर, खारं पाणी आणि धुण्याचा वार

घरातल्या बहुतेक साफसफाईला कुणी पक्की मुदत घालून दिलेली नाही. पडदे महिनाभर उशिरा धुतले तर कुणाचं काही बिघडत नाही. एका कामाची मुदत मात्र निसर्गानंच ठरवून ठेवली आहे. एडिस इजिप्ती डासाच्या मादीची अंडी साचलेल्या पाण्यात उबली की उबदार दिवसांत साधारण आठ ते दहा दिवसांत त्यातून उडता डास बाहेर पडतो. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा तो हाच. म्हणून पाण्याची साठवण आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची, म्हणजे डासाला पंख फुटायच्या आत त्याचं घर मोडतं. आरोग्य खात्याचे लोक दारावर येऊन ‘कोरडा दिवस पाळा’ असं सांगतात, त्यामागचं गणित एवढंच आहे.

अकोला आणि अमरावतीत हे गणित सगळ्यात आधी कूलरला लागू होतं. मार्च उजाडला की माळ्यावरचे कूलर खाली येतात आणि जूनमध्ये पाऊस स्थिरावेपर्यंत खिडकीतून हलत नाहीत. मे महिन्यात इथे पारा सहज चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. एवढ्या कोरड्या उन्हात डास कसला जगतोय, असं आपल्याला वाटतं, आणि उघड्यावर त्याचे खरोखरच हाल होतात. पण कूलरच्या टाकीतलं पाणी त्या उन्हातलं नसतं. गवतावरून झिरपताना त्यातलं थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि उरलेलं गार होतं. बाहेर पंचेचाळीस असताना टाकीतलं पाणी पंचवीसच्या आसपास राहू शकतं. वर सावली, भोवती ओलावा आणि दोन पावलांवर झोपलेली माणसं. आपण स्वतःसाठी केलेला गारवा डासाच्याही कामी येतो.

टाकी नुसती उपसून हे काम होत नाही. एडिसची मादी अंडी पाण्यावर तरंगत सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या ओलसर भिंतीला ती चिकटवते. पाणी काढलं तरी अंडी जागेवरच राहतात आणि कोरड्यात कित्येक महिने तग धरतात. म्हणून भिंती काथ्याने किंवा ताठ ब्रशने घासाव्या लागतात. हंगामात दोन वेळा याकडे हमखास दुर्लक्ष होतं. जूनमध्ये दोन सरी येतात, कूलर बंद होतो आणि तळाशी बोटभर पाणी तसंच राहतं. घरातला धोका त्या पंधरवड्यात सगळ्यात मोठा असतो. दुसरी वेळ पुढच्या मार्चची. गेल्या वर्षी न घासता माळ्यावर टाकलेल्या टाकीत आपण पाणी ओततो आणि भिंतीवर वाट पाहत असलेली अंडी भिजतात. कूलर वर ठेवण्याआधी आणि खाली काढल्यावर, दोन्ही वेळा टाकी घासायला हवी.

आठवड्याने पूर्ण पाणी बदलण्याला इथे आणखी एक कारण आहे. कूलर रोज कित्येक लिटर पाणी हवेत सोडतो, पण पाण्यातला क्षार हवेत जात नाही. आपण वरून भर घालत राहतो आणि टाकीतलं पाणी दिवसागणिक अधिक खारं होत जातं. गवतावर पांढरी खरपूड धरते, हवा कमी येते, मोटरवर ताण पडतो. टाकी तळापर्यंत रिकामी केली की क्षारही जातो आणि डासही.

आता नळाकडे. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून पाणी येतं, अमरावतीला सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून. दोन्ही शहरांत रोज नळ येईलच असं कुणी धरून चालत नाही. अमरावतीत दिवसाआड, अकोल्यात काही दिवसांच्या अंतराने, आणि धरण आटलं की ते अंतर आणखी वाढतं. गल्लीत ‘नळ आले वो!’ अशी हाक उठली की झोपेतली माणसंही बादल्या घेऊन धावतात. ड्रम, पिंपं, टाकी, कळशा, पातेली, सगळं भरून घ्यायचं असतं. ज्याला चौथ्या-पाचव्या दिवशी पाणी मिळतं, त्याला ‘आठवड्यातून एकदा साठवलेलं पाणी ओतून द्या’ असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. असा सल्ला कुणी पाळत नाही आणि पाळू नये.

त्याऐवजी कोरडा दिवस नळाच्या दिवसाला बांधावा. नळ येण्याच्या आदल्या संध्याकाळी किंवा त्या दिवशी पहाटे ड्रममधलं उरलेलं पाणी धुण्याच्या पहिल्या भिजवणीला, फरशीला आणि संडासाला वापरून टाकायचं. रिकामा ड्रम आतून घासायचा, मगच नवं पाणी भरायचं. वर जुन्या धोतराचं किंवा लुगड्याचं दुहेरी फडकं ताणून सुतळीने बांधायचं. तिरपं ठेवलेलं झाकण डासाला अडवत नाही, घट्ट बांधलेलं कापड अडवतं. नळ आठ-दहा दिवसांनी येत असेल तर सगळा भार त्या फडक्यावरच आहे, हे लक्षात ठेवायचं. म्हणजे धुण्याचा मोठा वार रविवार की बुधवार हे ठरवायची गरजच उरत नाही. तो नळ ठरवतो.

हे झालं शहरातलं. खेड्यात प्रश्न केवळ पाणी किती येतं याचा नाही, कसलं येतं याचाही आहे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, भातकुली, अंजनगाव सुर्जी, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतल्या कितीतरी गावांच्या विहिरी आणि बोअर खाऱ्या आहेत. वान धरणावरची अकोट-तेल्हाऱ्याची ८४ खेडी योजना आणि शहानूर धरणावरून दर्यापूर-अंजनगावकडे येणारं पाणी यामुळे पिण्याची सोय बरीच झाली. पण पाइपातलं गोडं पाणी पिण्या-स्वयंपाकाला राखून धुण्याला बोअरचं वापरायचं, ही वाटणी अनेक घरांत आजही चालते.

या पाण्यात साबण का चालत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. साबण म्हणजे तेलातल्या आम्लांचा सोडियमशी बनलेला क्षार. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असेल तर ते सोडियमची जागा घेतात आणि न विरघळणारी करडी मळी तयार होते. ही मळीच पांढऱ्या सदऱ्याला कळकट करते. त्यात मीठ जास्त असलं तर अडचण दुप्पट होते, कारण खाऱ्या पाण्यात साबण विरघळून राहत नाही. साबण बनवणारे कढईतला साबण वेगळा काढायला मुद्दाम मीठ घालतात. म्हणजे कारखान्यात जे हेतूने करतात, ते खारपाणपट्ट्यात बादलीत आपोआप होतं. वडी झिजते, फेस येत नाही, आणि बाईला वाटतं आपलं चोळणंच कमी पडतंय.

धुण्याच्या पावडरीने या भागातलं मोठं दुखणं हलकं केलं. तिचा रेणू वेगळ्या जातीचा. कॅल्शियमशी गाठ पडली तरी त्याची साबणासारखी मळी होत नाही. सर्फ १९५९ साली भारतात आलं, पण ते सगळ्यांना परवडणारं नव्हतं. १९६९ मध्ये अहमदाबादच्या करसनभाई पटेलांनी निरमा काढला आणि पुढे स्वस्त पावडर खेडोपाडी पोचली. गोड्या पाण्याच्या गावाला त्याचं अप्रूप सोयीपुरतं असेल. खाऱ्या पाण्याच्या गावात मात्र कपडा निघेल की नाही, हाच मूळ प्रश्न होता.

अजूनही काही गोष्टी हाताशी ठेवाव्यात. बादलीत थोडा धुण्याचा सोडा घालून पाणी घटकाभर निवळू दिलं तर कॅल्शियम पांढऱ्या गाळाच्या रूपात तळाशी बसतं. वरचं पाणी धुण्याला घ्यावं. मिठावर मात्र सोड्याची मात्रा चालत नाही. म्हणून शेवटचं खळबळणं एका बादलीपुरतं का होईना, गोड्या पाण्यात करावं. कपड्यात राहिलेला क्षार वाळल्यावर कापड कडक करतो, काखेत आणि मांडीत टोचतो, आणि पावसाळ्यात हवेतला ओलावा ओढून घेतो, त्यामुळे वाळलेला कपडाही दमट लागतो. पावसाचं पाणी तर अगदी मऊ. पत्र्याचं पहिलं पाणी वाहून गेल्यावर पन्हाळीखाली ठेवलेल्या पिंपातल्या पाण्याने पांढरे कपडे जसे निघतात तसे वर्षभरात निघत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये घरातलं पांढरं त्यातच धुऊन घ्यावं.

अशा पाण्यातलं प्रत्येक धुणं कपड्याचं आयुष्य थोडं कमी करतं. म्हणून खारपाणपट्ट्यात किती वेळा धुवावं याचं उत्तर ‘गरज असेल तेव्हाच’ असं निघतं, आणि गरज नेमकी कशाची हे समजून घ्यावं लागतं. कॅनडात एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठात एका विद्यार्थ्याने जीन्सची एक पँट पंधरा महिने न धुता वापरली. २०११ मध्ये तिच्यावरचे जिवाणू तपासले, मग ती धुऊन सुमारे दोन आठवडे वापरून पुन्हा तपासली. दोन्ही वेळची संख्या जवळजवळ सारखीच निघाली. म्हणजे जाड बाहेरच्या कपड्यावरचे जिवाणू एका पातळीला पोचून थांबतात. हा निष्कर्ष जसाच्या तसा अकोल्याच्या मे महिन्यात आणता येणार नाही. एडमंटनच्या थंडीत घाम तो किती येणार! तरी एक गोष्ट यातून कळते. बाहेर जाताना घातलेली जाड पँट, स्वेटर, लग्नातला शालू किंवा शेरवानी अंगाला थेट घासत नाहीत, आणि प्रत्येक वापरानंतर त्यांना पाणी दाखवण्याची काही गरज नाही. उन्हात, वाऱ्यावर उलट करून टाकले तरी पुरतं.

अंगाला चिकटून असलेल्या कपड्यांचं तसं नाही. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. काखेतले जिवाणू त्याचं विघटन करतात, त्याचा वास येतो. बनियन, आतले कपडे, मोजे आणि उन्हाळ्यात ब्लाउज-सदरा हे रोजचं धुणं, त्यात सूट नाही. कापड कोणतं यानेही फरक पडतो. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात २६ जणांना व्यायाम करायला लावून त्यांचे टी-शर्ट तपासले, आणि २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पॉलिएस्टरचे शर्ट सुती शर्टांपेक्षा जास्त वासट निघाले. वास करणाऱ्या मायक्रोकॉकस जिवाणूंना पॉलिएस्टर मानवलं, सुतावर ते तेवढे वाढले नाहीत. कापसाच्या मुलखात शाळेचे गणवेश पॉलिएस्टरमिश्रित असावेत आणि मुलांनी तेच घालून मार्च-एप्रिलच्या उन्हात बसावं, हे मला खटकत आलं आहे. उन्हाळा सोडला तर सुती सदरा एक दिवसाआड धुऊन चालून जातो. पॉलिएस्टरचा रोज धुवावा लागतो, आणि ते काम घरातल्या कुणाच्या तरी हातावर पडतं.

एक धुणं असं आहे की त्याला एका रात्रीचीही मुदत नाही. कपाशीवर फवारणी करून आलेल्या माणसाचे कपडे. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कीटकनाशक नाकावाटे जातं तसं कातडीवाटेही जातं, आणि ओला सदरा अंगावर राहिला तर तासन्‌तास जात राहतं. तो सदरा घरात आणून खुंटीला टांगला आणि सकाळी पुन्हा घातला तर कालची मात्रा आज पुन्हा अंगात जाते. म्हणून फवारणीचे कपडे त्याच दिवशी, घरच्या बाकी धुण्यापासून वेगळे धुवायचे. बाळाची दुपटी असलेल्या बादलीत ते भिजवायचे नाहीत. आधी भरपूर पाण्यातून काढायचे, मग पावडरीत, शक्य असेल तर गरम पाण्यात, आणि हातात रबरी मोजे घालून. हे पाणी विहिरीकडे, हौदाकडे किंवा जनावरांच्या पिण्याकडे वाहू द्यायचं नाही. मशीन वापरलं तर ते नंतर एकदा रिकामं फिरवून घ्यायचं. औषध थेट सांडून भिजलेला कपडा धुवायच्या भानगडीत पडूच नये. तो टाकून द्यावा. एका सदऱ्याचे पैसे जातील.

पावसाळ्यात सगळे नियम पालटतात. मेमध्ये अकोल्याच्या गच्चीवर तासाभरात वाळणारी चादर ऑगस्टमध्ये दोन दिवस ओलसर राहते. मग तो ओळखीचा कुबट वास येतो. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी या वासाचं मूळ बऱ्याच अंशी मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाच्या जिवाणूत शोधलं. धुतल्यावरही तो कापडात उरतो, कपडा वाळला तरी मरत नाही, आणि पुन्हा ओल मिळाली की वास सोडतो. त्यामुळे पुन्हा पुन्हा पावडर घालून फारसं काही साधत नाही. महत्त्वाचं आहे ते कपडा लवकर वाळणं. पावसाळ्यात एकदम ढीगभर धुणं काढू नये. दोन दिवसांनी थोडं थोडं धुवावं, घट्ट पिळावं, दोऱ्यांत वीतभर अंतर ठेवावं, पंखा लावावा, आणि किंचित दमट असतानाच इस्त्री फिरवावी. घरात कुणाला गजकर्ण झालं असेल तर हे दुपटीने पाळायला हवं. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात गजकर्ण हट्टी झालं आहे, मलमांना दाद देत नाही, आणि घरातल्या एकाकडून दुसऱ्याकडे टॉवेल आणि कपड्यांतून जातं. ज्याला झालं आहे त्याचा टॉवेल वेगळा, त्याचे आतले कपडे रोज गरम पाण्यात धुतलेले आणि इस्त्री केलेले असले तरच गोळ्या-मलमांचा उपयोग होतो.

मासिक पाळीच्या कापडाबद्दलही इथेच बोललं पाहिजे, कारण ते बहुतेक घरांत दुसऱ्या कपड्याखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घातलेलं असतं. आधी थंड पाण्यात भिजवावं, गरम पाण्याने रक्त कापडात पक्कं बसतं. मग साबण, आणि मग उघड्या उन्हात. लपवून वाळवलेलं दमट कापड मुलींच्या अंगाला लागतं आणि त्यातून खाज, जंतुसंसर्ग होऊ शकतो. गच्चीवरच्या दोरीवर बनियन वाळू शकतं तर हेही वाळू शकतं.

अंथरूण-पांघरुणाच्या बाबतीत वऱ्हाडचा ऋतू आणि जुनी रीत यांचा मेळ मला फार सुंदर वाटतो. गादीत राहणारे धूळकिडे डोळ्यांना दिसत नाहीत. ते माणसाच्या झडलेल्या कातडीवर जगतात, आणि पाणी पीत नाहीत; हवेतला ओलावा शोषून घेतात. हवेची आर्द्रता बराच काळ पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली की ते वाळून मरायला लागतात. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी ती वीसच्याही खाली उतरते. म्हणजे उन्हाळ्यात चादर आठवड्याला धुवायची ती घामासाठी; किड्यांचा बंदोबस्त ऊनच करतं. जुलै ते सप्टेंबर हे त्यांचे सुगीचे दिवस, आणि दमा किंवा सकाळच्या शिंका असलेल्या माणसाला तेव्हापासूनच त्रास वाढू लागतो. त्यानंतर लगेच येतं नवरात्र. घट बसण्याआधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं, वाकळा, गोधड्या धुऊन काढण्याची चाल महाराष्ट्रभर आहे. पूर्वी सगळं धुणं नदीवर जायचं. पावसाळाभर गोधडीत वाढलेलं सगळं निघून जावं आणि पुढच्या ऑक्टोबरच्या उन्हात ती खडखडीत वाळावी, याहून चांगली वेळ वर्षात सापडणार नाही. ही चाल पाडणाऱ्या बायांना धूळकिडा ठाऊक नव्हता. पण गोधडी कधी जड, दमट आणि वासट होते आणि कधी वाळते, हे त्यांना हातांनी कळत होतं.

गाद्यांना दुसरं मोठं ऊन मे महिन्यात द्यावं, ढेकणांसाठी. ढेकूण आणि त्याची अंडी अठ्ठेचाळीस-पन्नास अंशांच्या वर तास-दीड तासात मरतात. नुसती गादी पसरली तर वरचा भाग तापतो आणि ढेकूण खालच्या थंड शिवणीत सरकतो. गादी काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून दुपारभर गच्चीवर ठेवली आणि मधे एकदा उलटली तर उष्णता जास्त आत जाते.

रोजच्या झाडलोटीविषयी बोलताना वऱ्हाडात एक नाव टाळून पुढे जाता येत नाही. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगे महाराज, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावला परटाच्या घरी जन्मले आणि मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे वाढले. लोकांचे कपडे धुणाऱ्या जातीतला हा माणूस हातात खराटा घेऊन गावोगाव हिंडला. गावात शिरला की आधी रस्ते आणि गटारं झाडायची, लोकांनाही त्या कामाला लावायचं, आणि रात्री त्याच लोकांसमोर कीर्तन करायचं. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर त्यांचं निधन झालं. १९८३ साली स्थापन झालेलं अमरावतीचं विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं, आणि २००० साली सुरू झालेलं राज्याचं ग्रामस्वच्छता अभियानही. मला त्यांच्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की त्यांनी झाडण्याला रोजचं काम मानलं. रस्ता काल झाडला म्हणून आज राहू द्यायचा, असं त्यांच्याकडे नव्हतं.

रोजच का, तर धूळ रोज येते. काळ्या मातीचा हा मुलूख हिवाळा सरला की भेगाळतो, वावटळी उठतात, कापसाच्या गाड्या आणि जिनिंगच्या दिवसांत हवेत तंतू तरंगतात. कोरडी केरसुणी जोराने फिरवली तर ही धूळ अर्धी उडून पुन्हा भांड्यांवर आणि नाकात बसते. अंगणात आधी सडा टाकून मग झाडण्याची रीत म्हणूनच बरोबर आहे, आणि घरातही पाण्याचा हलका हबका मारून झाडावं किंवा सरळ ओल्या फडक्याने पुसावं. मातीच्या घरात सारवण धूळ धरून ठेवतं. मात्र बाळंतिणीच्या खोलीत शेणाने सारवू नये, कारण जनावरांच्या शेणात धनुर्वाताचे बीजाणू असू शकतात आणि नाळेची जखम ताजी असते.

बाकी कामांचं थोडक्यात सांगता येतं. ओटा आणि त्यावरचं फडकं रोज. ते ओलं फडकं घरातल्या संडासापेक्षाही जास्त जिवाणू बाळगू शकतं, म्हणून रात्री धुऊन वाळत टाकावं. अंग पुसायचा टॉवेल तीन-चार वापरांनंतर. उशीची खोळ आठवड्याला. फ्रिज महिन्यातून एकदा. पडदे, सोफ्याच्या खोळी वर्षातून दोनदा, आणि त्याबद्दल कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्यावं. संडास-न्हाणी आठवड्यातून दोनदा, पण इथे एक इशारा मोठ्याने द्यायला हवा. खाऱ्या पाण्याचे पिवळे-पांढरे डाग घालवायला वऱ्हाडातल्या घरांत ॲसिड सर्रास वापरतात. त्यावरच ब्लिचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी ओतलं तर क्लोरीन वायू सुटतो. दार बंद असलेल्या लहानशा न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो. ॲसिड वापरायचं तर तेवढंच, भरपूर पाणी ओतून, दार-खिडकी उघडी ठेवून. आणि ब्लीच दुसऱ्या दिवशी.

एवढं सगळं करायचं कुणी, हा प्रश्न न विचारता ‘किती दिवसांनी’ याचं उत्तर देणं अप्रामाणिक ठरेल. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये केलेल्या वेळवापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८ मिनिटं. पाच वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये, हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे बायकांची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांची नऊ. अंतर जिथल्या तिथे. यंत्र आलं की हे आपोआप सुटेल, या आशेवर अमेरिकेतल्या इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवान यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात पाणी ओतलं. वॉशिंग मशीन आलं, कष्ट हलके झाले, पण त्याबरोबर ‘कपडा किती दिवस वापरायचा’ याची अपेक्षाही बदलली. पूर्वी आठवडाभर चालणारी चादर दोन दिवसांत मळकी वाटू लागली, आणि वेळ होता तेवढाच राहिला. आपल्या शहरांत मशीन घरोघरी येत असताना हे ध्यानात ठेवलेलं बरं. मशीनमध्ये जागा शिल्लक आहे म्हणून स्वच्छ कपडा टाकायचा नाही.

खराट्यासाठी सगळ्यात जास्त ओळखला गेलेला वऱ्हाडी माणूस पुरुष होता, आणि तरी आपल्या घरातला झाडू एकाच हाताला का चिकटतो, हा प्रश्न मुलांना लहानपणीच पडला पाहिजे. आठ-दहा वर्षांचा मुलगा असो की मुलगी, आपले मोजे आणि बनियन आंघोळीच्या वेळीच धुऊ शकतात. नळाच्या दिवशी ड्रम घासून भरणं, कूलरची टाकी उपसणं, ओली गोधडी पिळणं ही ताकदीची कामं आहेत, ती घरातल्या तगड्या माणसांनी उचलावीत. फवारणीचे कपडे तर ज्याने घातले त्यानेच, रबरी मोजे घालून, अंगणातल्या वेगळ्या बादलीत धुवावेत. त्यामुळे बायकोच्या, विशेषतः पोटुशी असलेल्या बायकोच्या, हाताला ते विष लागत नाही, आणि अंगावर किती औषध उडालं हे फवारणाऱ्यालाही दिसतं. बादलीतलं पाणी फारच गढूळ किंवा उग्र वासाचं निघालं तर दुसऱ्या दिवशी पंपाचं गळकं वॉशर आणि वाऱ्याची दिशा तपासूनच त्याने शेतात पाऊल टाकावं.